गवत बोदवडात, उतारा जबलपुरात

मृगाचा पाऊस होऊन महिना-सव्वा महिना उलटला की बोदवड तालुक्यातील बांध पांढरे दिसू लागतात. हा पांढरेपणा कपाशीचा नव्हे. तिचे बोंड उकलायला दसरा जवळ यावा लागतो. हा गाजर गवताचा फुलोरा. भुसावळहून मलकापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना, पडीक रानात, शाळांच्या कुंपणालगत आणि गुरांच्या वाटेवर ते सारखेच माजते. खेड्यातील माणूस त्याला ‘काँग्रेस गवत’ म्हणतो. टोपीसारख्या पांढऱ्या फुलावरून हे नाव पडले, असे कोणी सांगतात. ज्यांच्या राज्यात ते आले त्यांच्यावरून पडले, असेही सांगणारे आहेत. लोकांनी ठेवलेल्या नावाचा खुलासा पंडितांनी करू नये, तो लोकांवरच सोडावा.

हे गवत या भूमीचे नाही. त्याचे मूळ मध्य अमेरिकेच्या परिसरातील. त्याच्या एकोणिसाव्या शतकातील तुरळक नोंदी काही वनस्पतिशास्त्रज्ञ दाखवितात. तथापि ज्या पार्थेनियमने देश व्यापला, त्याची ओळख १९५५ च्या सुमारास पुण्यात पटली. १९५१ चे अमेरिकी गहू-कर्ज आणि नंतरचा ‘पीएल-४८०’ करार या वाटेने परदेशी धान्य येत राहिले आणि त्या धान्यातूनच हे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. स्वतंत्र देशाने पोटासाठी हात पसरला आणि त्या हातावर गव्हासोबत तणही पडले. गहू खाऊन संपला. तण मात्र सत्तर वर्षे वाढतेच आहे.

त्याचा उपद्रव केवळ पिकाची जागा अडविण्यापुरता नाही. त्यातील पार्थेनिन या द्रव्याने निंदणी करणाऱ्या स्त्रियांच्या हातापायांना, मानेला खाज सुटते, कातडी जाड होऊन काळवंडते. परागकणांनी दम्याच्या रुग्णांचे हाल होतात. चाऱ्यातून पोटात गेले तर दुभत्या जनावराच्या दुधाला कडवटपणा येतो. २००० साली आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगाच्या शेतांवर एका विषाणूने घाला घातला, तेव्हा तो विषाणू कोणाच्या घरी आश्रयाला होता याचा शोध लागला. तो होता गाजर गवताच्या परागकणांत. गवतावर रोगाचे चिन्हही नव्हते; मरत होता तो शेजारचा भुईमूग.

या शत्रूपुढे बोदवडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती काय आहे? विळा, खुरपे आणि उपटणारे हात. पण मजूर मिळत नाहीत, आणि ज्यांना एकदा खाज लागली ते पुन्हा येत नाहीत. बांधावर टाकळ्याचे बी फेकून गवताला दाबण्याचा उपाय चांगला आहे, पण तो काही ठिकाणीच साधतो. १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरास आणलेला भुंगा महाराष्ट्रातही स्थिरावला. तो पाने खातो, परंतु पावसाळा सरला की जमिनीत जाऊन झोपतो आणि गवत मात्र ओल असेल तेथे बाराही महिने उगवते. राहता राहिले दुकानातील तणनाशक. ग्लायफोसेटची फवारणी कोणी करावी यावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचनेने मर्यादा घातली आणि ती कीड-नियंत्रण व्यावसायिकांपुरती ठेवली. तालुक्याच्या गावी असा व्यावसायिक कोणी पाहिला आहे? पॅराक्वाट पोटात गेले तर त्यावर खात्रीचा उतारा वैद्यकाजवळ नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधे तणाची नव्हे, किडीची होती. पण पाठीवरचा पंप तोच आणि तोंडाला बांधलेला फडकाही तोच.

आता दुसरी बाजू पाहावी. बोदवडहून निघून भुसावळला गाडी बदलली की खांडवा, इटारसी करीत जबलपूर गाठता येते. तेथील राणी दुर्गावती विश्वविद्यालयातील बुरशीशास्त्रज्ञांनी याच गवताचा शत्रू बुरशींमध्ये शोधण्याचा उद्योग अनेक वर्षे केला. २००६ मध्ये त्यांनी ‘फोमा हर्बारम’ या बुरशीने तयार केलेले, गाजर गवताला मारणारे विष वेगळे काढून त्याची रासायनिक ओळख प्रसिद्ध केली. त्याच शहरात तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्थाही आहे. म्हणजे आपल्या मुलुखाला लागून असलेल्या राज्यात, आपल्याच करदात्यांच्या पैशावर, आपल्याच शास्त्रज्ञांनी, आपल्या बांधावरच्या गवताविरुद्ध एक हत्यार घडविले. पुढे काय झाले? शोधनिबंध छापला गेला. बोदवडच्या कृषी सेवा केंद्रात आजही जी बाटली मिळते, ती दुसरीच आहे.

हे विष म्हणजे काय, ते थोडे समजून घेणे आवश्यक आहे. झाडाला रोग लावणारी बुरशी झाड केवळ खात नाही. पुष्कळदा ती आधी विष सोडते. त्या विषाने पेशी मरतात, पाने पिवळी पडतात, पाण्याचा तोल जातो. मग मेलेल्या पेशींवर बुरशी आपले घर करते. ही बुरशी प्रयोगशाळेत साखर-क्षारांच्या पाण्यात दोन-तीन आठवडे वाढविली आणि ते पाणी गाळून घेतले, तर बुरशी वर राहते व विष खाली उतरते. ते गाळलेले पाणी पानावर टाकले की रोगाचीच लक्षणे दिसतात, जणू चोर घरात न येता त्याची सुरीच आत आली. त्या पाण्यातून नेमके द्रव्य वेगळे काढणे, त्याची घडण ओळखणे, किती मात्रेला कोणते झाड मरते हे मोजणे हे किचकट, चिकाटीचे काम आहे. ते जबलपूरला झाले.

कोणी विचारील, विष वेगळे काढण्याचा एवढा खटाटोप कशाला? जिवंत बुरशीच शेतात का सोडू नये? तसे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत १९८१ मध्ये फ्लोरिडातील संत्रावर्गीय बागांतील वेलीविरुद्ध आणि १९८२ मध्ये भात-सोयाबीनमधील तणाविरुद्ध रोगकारक बुरशीच बाटलीत भरून विकली गेली. परंतु आपल्याकडे गाजर गवतावर तपासलेल्या बुरशींत ‘स्क्लेरोशियम रॉल्फसी’ हीदेखील आहे आणि ती भुईमुगाचे खोड कुजविणारी सराईत गुन्हेगार आहे. बांधावर सोडलेली बुरशी बांधावरच थांबेल, अशी हमी कोण देणार? विष वाढत नाही, पिल्ले घालत नाही, एका शेतातून दुसऱ्या शेतात चालत जात नाही. त्याची मात्रा मोजता येते. म्हणूनच जिवाऐवजी त्याचे विष वापरण्याचा विचार अधिक शहाणपणाचा आहे.

या शास्त्रात भारत मागे होता, असेही नाही. उलट एका काळी तो पुढे होता आणि तोही कापसाच्या प्रश्नावर. खानदेशातील म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ‘जरिला’, ‘विरनार’ ही देशी कपाशीची नावे अजून आठवत असतील. काळ्या कसदार रानात देशी कपाशीचा मोठा वैरी म्हणजे मर रोग. उभे झाड दोन दिवसांत माना टाकते. उपटून खोड उभे चिरले की आत तपकिरी रेघ दिसते. हा रोग ‘फ्युसारियम’ बुरशीचा. मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत प्रा. टी. एस. सदाशिवन यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह त्या रोगाचा पिच्छा पुरविला. बुरशी काचेच्या भांड्यात विष करते, हे जगाला ठाऊक होते. पण रोगट झाडाच्या अंगात ते खरोखर असते काय, यावर युरोप-अमेरिकेत वाद होता. मद्रासच्या प्रयोगशाळेने मर लागलेल्या कपाशीतूनच फ्युसारिक ॲसिड शोधून दाखविले आणि १९५५ मध्ये ते ‘नेचर’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्याला आठ वर्षे झालेल्या, उपकरणांच्या बाबतीत दरिद्री असलेल्या देशाने वनस्पतींच्या विषशास्त्रातील एका मूलभूत प्रश्नाला उत्तर दिले. हे किती पाठ्यपुस्तकांत आहे? जरिला पिकविणाऱ्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत तरी ते सांगितले जाते काय?

प्रयोगशाळेतून शेतापर्यंतची वाटही आपल्याला अनोळखी नव्हती. पिंपरीला १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्यासारखा मूळचा वनस्पतिरोगतज्ज्ञ संशोधनाची धुरा वाहत होता. तेथे मातीतील सूक्ष्मजीवापासून ऑरिओफंजिन हे द्रव्य मिळाले आणि ते पिकांवरील बुरशीरोगांसाठी कारखान्यात तयार होऊन बाजारात आले. सूक्ष्मजीव भारतीय, शोध भारतीय, कारखाना भारतीय. पुढे तो कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला. ज्यांनी तो चालवावयाचा त्यांनी तो कसा चालविला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

इतरांनी काय केले?

भाताची रोपे विलक्षण उंच वाढून वाळून जातात, अशा एका रोगाचा अभ्यास करताना १९२६ मध्ये तैवानात काम करणाऱ्या कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने बुरशीविरहित गाळलेल्या पाण्यानेही रोपे तशीच उंचावतात, हे दाखविले. १९३५ मध्ये त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव मिळाले. आज नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागाईतदार घड मोकळा व्हावा, मणी लांबट व टपोरा व्हावा म्हणून ज्याला नुसते ‘जीए’ म्हणतो, ते हेच. भातावरील रोगाच्या बुरशीने जपानी शेतकऱ्याला रडविले. तिच्याच द्रव्यावर नाशिकची द्राक्षे युरोपच्या टेबलापर्यंत गेली. ती फवारणारा बागाईतदार रोगाचे उपकार आपल्या शिरावर आहेत, हे बहुधा जाणतही नसेल.

राय या धान्यावरील अरगट बुरशीने मध्ययुगीन युरोपात गावेच्या गावे आजारी पाडली. हातपाय काळे पडून झडत. त्याच अरगटातून १९१८ मध्ये अरगोटामिन आणि १९३५ मध्ये अरगोमेट्रिन वेगळे झाले. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी जे इंजेक्शन आपल्याकडे तालुक्याच्या रुग्णालयातही ठेवले जाते, ते त्याच घराण्यातले. किती मातांचे प्राण त्या काळ्या बुरशीने वाचविले असतील, याची गणती कोणी केलेली नाही. बटाट्याच्या सालीवर खरबरीत खवले आणणाऱ्या जिवाणूंच्या ‘थॅक्स्टोमिन’ या विषावर आधारलेल्या तणनाशकाला २०१२ मध्ये अमेरिकेने नोंदणी दिली. लक्षात घ्यावे, जबलपूरचा निबंध २००६ चा आहे. तिकडे रोगाचे विष सहा वर्षांनी बाटलीत गेले. इकडे ते ग्रंथालयात राहिले.

चरकसंहितेत एक विचार आहे. तीक्ष्ण विषही युक्तीने योजले तर उत्तम औषध होते आणि औषधही चुकीने योजले तर तीक्ष्ण विष ठरते. बचनाग, बिब्बा यांवर आपले वैद्य आधी शोधनसंस्कार करतात आणि मगच ते रुग्णाच्या हाती देतात. हा वारसा सांगताना छाती फुगविणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्या वचनाचा उत्तरार्ध सोयीस्करपणे गाळणारेही त्यांतच आहेत. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हे वाक्य आज व्यासपीठांवरून, माहितीपत्रकांतून आणि दुर्दैवाने आपल्याही काही मंडळींच्या तोंडून सर्रास ऐकू येते. ते अज्ञान आहे, आणि अज्ञानाला स्वदेशीचा भगवा शेला पांघरला म्हणून ते ज्ञान होत नाही.

१९७४ च्या हिवाळ्यात बांसवाडा व पंचमहाल या आदिवासी जिल्ह्यांत कावीळीची साथ आली. पावसात भिजून बुरशी लागलेला मका गरिबांच्या घरी खाल्ला गेला होता. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. मारणारे होते ॲफ्लाटॉक्सिन. ते पूर्णपणे नैसर्गिक, पूर्णपणे स्वदेशी मातीत वाढलेले विष. जो भुईमूग आणि मका खानदेशात घरोघर साठविला जातो, त्यांवर तीच बुरशी वाढते. धुळे-नंदुरबारकडे बाजरी पेरण्यापूर्वी बी वीस टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारे अरगटाचे दाणे काढून टाकण्याची शिफारस कृषी खाते करते. बाजरीच्या अरगटात रायच्या अरगटासारखे उपयुक्त औषध नाही, आहे ती ओकारी आणि गुंगी. एका बुरशीचे विष मातेला वाचविते, तिच्या बहिणीचे विष माणसाला आजारी पाडते. हा भेद घोषणेने कळत नाही. तो प्रयोगशाळेत कळतो. म्हणून जबलपूरच्या विषालाही हाच नियम लावला पाहिजे. ते ‘जैविक’ आहे एवढ्यावर बोदवडच्या निंदणाऱ्या स्त्रियांच्या हाती देऊ नये. त्याची मात्रा, जमिनीतील आयुष्य, गुरांवरील व विहिरीच्या पाण्यावरील परिणाम हे सर्व तपासूनच द्यावे.

परंतु ‘तपासूनच द्यावे’ याचा अर्थ ‘देऊच नये’ असा नव्हे, आणि नेमके तेच घडले आहे.

अडले कोठे?

विद्यापीठात पदोन्नती निबंधांच्या संख्येवर मिळते. निबंध छापला की शास्त्रज्ञाचे काम संपते. नोंदणीसाठी जनावरांवरील विषारीपणाच्या चाचण्या, अनेक हंगामांतील शेतप्रयोग, साठवणुकीचे निकष हे सर्व सादर करावे लागते. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि फरीदाबादच्या नोंदणी समितीपुढे ही कागदपत्रे ठेवण्याचे बळ विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नसते. ते बळ कंपनीकडे असते. कंपनी मात्र असे द्रव्य कशाला उचलील, ज्याचा वापर मुख्यतः बांधावर, पडीक रानात आणि रेल्वेच्या कडेला व्हावयाचा? पडीक रानाचा मालक बाटली विकत घेत नाही. बाजाराच्या न्यायाने पाहिले तर गाजर गवताला कोणी गिऱ्हाईकच नाही. म्हणूनच हे काम बाजारावर सोडणे म्हणजे ते न करणे होय. रस्ता, पाटबंधारे, देवीची लस यांसाठी सरकार गिऱ्हाईक शोधत बसले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो जाणकारांकडून येतो. बुरशीची विषे उन्हात टिकत नाहीत, पावसाने धुपतात, एकरभर फवारणीला लागेल इतके द्रव्य काढणे महाग पडते, असे ते सांगतात. हे खोटे नाही. पण जिबरेलिनही एके काळी थेंबाथेंबाने मिळत होते. मोठ्या टाक्यांत बुरशी आंबविण्याचे तंत्र आले आणि ते द्राक्षबागेला परवडू लागले. आंबविण्याच्या उद्योगात महाराष्ट्र काही नवशिका नाही. साखर कारखान्यांच्या आसवन्यांत दररोज जेवढे द्रव आंबते, त्याच्या मानाने बुरशीची एक टाकी म्हणजे घागर. मळी आहे, टाक्या आहेत, सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर नोकरीसाठी पुण्या-मुंबईला रांगा लावून आहेत. नाही ती फक्त हे करावयाचे आहे अशी आज्ञा.

आपली जागृती विचित्र आहे. कडुनिंबाच्या तेलाने बुरशी मरते, यावर परदेशी कंपनीने व अमेरिकी कृषी खात्याने युरोपात एकस्व मिळविले तेव्हा देश खडबडून जागा झाला. २००० मध्ये ते रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावर अंतिम शिक्कामोर्तब झाले. तो विजय खरा होता आणि त्यासाठी झगडणाऱ्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण दुसऱ्याने हात घातला की आपण धावतो आणि कोणी हात घातला नाही तर झोपतो, ही राखणदाराची वृत्ती झाली, मालकाची नव्हे. मालक आपले शेत स्वतः नांगरतो.

आणि हा प्रश्न गाजर गवतापुरता नाही. बोदवडला पाणी नाही. पण शेजारच्या रावेर-यावल पट्ट्यात जी केळी उभी आहे, तिच्यावर जळगाव जिल्ह्याची पत उभी आहे. केळीच्या पनामा मर रोगाचा ‘ट्रॉपिकल रेस ४’ हा उग्र प्रकार बिहार व उत्तर प्रदेशात पोहोचल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत झाल्या आहेत. ही बुरशी एकदा जमिनीत शिरली की दशकानुदशके निघत नाही. तीही फ्युसारियमच आणि तिच्या विषांत फ्युसारिक ॲसिड आहेच. मद्रासला १९५५ मध्ये कपाशीतून शोधलेले ते द्रव्य आज ऊतीसंवर्धित केळीच्या रोपांची परीक्षा घेण्यासाठी वापरता येते. काचेच्या नळीतील इवल्या रोपांना विषाचा थेंब द्यावयाचा. जी तग धरतील ती पुढच्या कसोटीस न्यावयाची. अशा छाननीचे प्रयोग जगात झालेले आहेत. ऊतीसंवर्धनाची मोठी केंद्रे जळगाव जिल्ह्यातच आहेत, केळी संशोधन केंद्र जळगावात आहे. रोग दारात येईपर्यंत थांबणे आणि मग नुकसानभरपाईसाठी मोर्चे काढणे, हा एक पर्याय आहेच. तो आपल्याला चांगला जमतो.

मागणी फार मोठी नाही. जबलपूरच्या बुरशीसंग्रहातील त्या फोमाचा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मागवून घ्यावा. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाने आणि जळगावच्या विद्यापीठाने तिच्या विषाच्या चाचण्या वाटून घ्याव्यात. बोदवड तालुक्यात पडीक जमिनीवर, विहिरीपासून दूर, तीन पावसाळे त्याचे प्रयोग व्हावेत. शेजारी भुईमूग, कपाशी व हरभरा पेरून त्यांवरील परिणामही मोजावा. चाचण्यांचा खर्च राज्याने उचलावा आणि निष्कर्ष अनुकूल येवोत वा प्रतिकूल, ते मराठीत छापून शेतकऱ्यांपुढे ठेवावेत. आमदारांना, खासदारांना निवेदने नेहमीच जातात. या वेळी बोदवडच्या बाजार समितीने ठराव करून एक पत्र राहुरीला आणि एक जबलपूरला पाठवावे. गवताला दुसऱ्यांदा फुले येण्यापूर्वी ते पोहोचले तर याच हंगामाच्या बियांवर पहिली चाचणी लागू शकते.